सातव्या भोकातला माल

मी, तेजराम बकाराम सेलोकर, वय वर्षे अडुसष्ट, धंदा मिस्त्रीकाम, राहणार आंबागड, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, आज मंगळवार दिनांक १४ मे २०२४ रोजी सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहितो. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरने तसा कागद दिला आहे आणि तो सोबत टाचला आहे. माझ्या छातीत चाळीस वर्षांचं सिमेंट बसलं आहे, हेही त्याच कागदावर इंग्रजीत लिहिलं आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणत्याही जिवंत माणसाचा दबाव नाही. बाकीचा दबाव कलम सहामध्ये लिहिला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर त्यात खोटं लिहिलं असतं.

कलम एक. माझी पत्नी मंदाबाई सहा वर्षांपूर्वी वारली. मला दोन मुलं. मुलगा अंकुश भंडाऱ्याला बांधकामाचे ठेके घेतो आणि मुलगी हर्षा करडी गावी दिली आहे. आंबागडचं घर मी स्वतः बांधलं, वडिलोपार्जित नाही, त्यामुळे भाऊबंदांनी त्यात नाक खुपसू नये. पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अंगण अंकुशला देतो. तो ते पाडून स्लॅबचं घर टाकणार हे मला माहीत आहे. नकाशा त्याने काढून आणला आणि मी आजारी असताना माझ्या उशाशी ठेवला. घाईचा पोरगा आहे, माझ्यावर गेला आहे. पुढचं घर त्याने खुशाल पाडावं. मागची खोली त्याची नाही. ती कलम सातमध्ये आहे.

कलम दोन. शेतातली धानाची बांधी हर्षाला. बँकेत जे काही असेल ते दोघांनी सारखं वाटून घ्यावं आणि त्यावरून भांडू नये.

कलम तीन. माझी हत्यारं सगळी हर्षाला. अंकुशला राग येईल, येऊ द्या. हर्षा दहा वर्षांची असल्यापासून माझ्या शेजारी बसून माल कालवायची, आणि करडीच्या घरचा ओटा तिने स्वतः बसवला तेव्हा तिची सासू पंधरा दिवस तोंडाला पदर लावून तो बघत होती. ढीगभर माल मशीनही कालवते. घमेलंभर माल कालवणं हे खरं काम आहे, आणि ते हत्यारावर असतं. म्हणून एकेक लिहून देतो.

लहान रबरी घमेलं, जुन्या टायरचं. लोखंडी घमेल्याला माल धरतो आणि मग तो ठोकून काढावा लागतो. रबरी घमेलं वाळलं की पिळायचं, सगळी खपली आपोआप सुटते. त्यात मावतो तेवढा माल एक माणूस वीस मिनिटांत लावतो. थोड्या कामाला यापेक्षा मोठं भांडं घ्यायचं नाही. सरलं तर पुन्हा कालवायचं.

तेलाचा पत्र्याचा डबा, मापाला. एक सिमेंट, चार रेती, आणि दोन्ही ह्याच डब्याने. फावड्याने मोजू नये, फावडं एकदा भरगच्च येतं आणि एकदा अर्धं. रेती चाळायला मंदाबाईची रव्याची चाळणी, जी मी तिला न विचारता घेतली होती. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

करण्या दोन. गोल टोकाची कालवायला, कारण घमेल्याचा तळ गोल असतो आणि टोकदार करणी तळाशी कोरडी भुकटी सोडते. टोकदार करणी भोकं भरायला. आधी कोरडंच कालवायचं, एक रंग येईपर्यंत. मग मध्ये खळगा करून पाणी घालायचं, पेल्याने, तीनदा थोडं थोडं. अंकुशने ड्रिलला पातं लावून बादलीत कालवायचं यंत्र आणलं आहे. अर्ध्या पोत्याला ते चांगलं आहे. एका घमेल्याला लावलं तर अर्धा माल भिंतीवर जातो आणि अर्धा अंकुशच्या शर्टावर.

आणि पाणी. कामाचं पाणी वेगळं, पिण्याचं वेगळं. पिण्याच्या पाण्याला कामासाठी हात लावायचा नाही, मग माल मरो की राहो. माल मरतो म्हणजे काय, ते हर्षाला माहीत आहे, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो. कालवून वेळ झाला, ऊन असलं, की माल आवळू लागतो. त्याला आम्ही मेलेला माल म्हणतो. वरून पाणी मारलं तर तो पुन्हा मऊ होतो, जिता झाल्यासारखा दिसतो, पण त्याच्यात धरायची ताकद राहत नाही. मेलेल्या मालाला पाणी मारायचं नाही, तो फेकायचा. हे मला सोळाव्या वर्षी शिकवलं होतं आणि एकेचाळिसाव्या वर्षी मी ते मोडलं.

कलम चार. मोठं लोखंडी घमेलं कोणालाही देत नाही. त्याच्या तळाला छिन्नीने भोक पाडावं आणि मग ते भंगारात घालावं, म्हणजे त्यात पुन्हा कोणी काही कालवणार नाही. माझा थोरला भाऊ आनंदराव याने ते तीनदा मागितलं आहे. आनंदरावने एकदा माझी लेव्हलची बाटली नेली आणि चारही बाजूंनी सिमेंट वाळलेलं असताना परत आणून दिली, वर म्हणाला, "धुवाले पाणी नोहतं." त्याच्या दारात विहीर आहे. माझा त्याच्यावरचा राग मी सोबत नेत नाही, तो त्यालाच देऊन जातो. त्याने तो धुऊन ठेवावा.

कलम पाच. हे कलम लिहायला मला सत्तावीस वर्षं लागली.

जागेश्वर लहानू शहारे हा माझा जोडीदार. सोळाव्या वर्षापासून आम्ही एका परांचीवर उभे राहिलो. तो डावखुरा, मी उजवा, त्यामुळे एकाच कोपऱ्यात दोघे काम करायचो आणि कोपराला कोपर लागत नसे. भंडाऱ्याजवळच्या शहापूरपर्यंत लोक आमची जोडी मागायचे. त्याचं घर बांधायला मी हात लावला होता, माझं घर बांधायला त्याने. त्यात मजुरी नव्हती.

एकोणीसशे सत्त्याण्णवच्या मे महिन्यात घर पुरं झालं. परांची उतरवली आणि मागच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीत परांचीच्या बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, घुसवलेली सात भोकं राहिली. दुसऱ्या दिवशी घरभरणी होती. दुपारी दोन वाजता मी मोठं घमेलं ओढलं. जागेश्वर म्हणाला, "तेज्या, सात भोकायसाठी एवढा माल कायले कालवून राहिला बे? लहान्या घमेल्यात दोनदा कालव." मी म्हणालो, "दोनदा कोण उठते? उद्या घरभरणी हाये." तो हसला आणि शिडीवर चढला.

चार भोकं भरून तो खाली उतरला. "मले जरासा बसू दे," म्हणाला आणि भिंतीच्या सावलीत टेकला. त्याचा चेहरा लाल होता आणि अंगावर घाम नव्हता. ऊन लागलेला माणूस मी आधी पाहिला होता. घाम थांबला म्हणजे काय, हे मला समजत होतं. हे मी स्पष्ट लिहितो, कारण इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की समजत नव्हतं.

घमेल्यात अर्ध्याहून जास्त माल उरला होता आणि तो आवळत चालला होता. आमच्याजवळ पितळेच्या हंड्याएवढा एक गुंड भरून पाणी होतं, प्यायचं. बोअर तेव्हा शाळेजवळ, जाऊन येऊन वीस मिनिटं. मी गुंड उचलला आणि सगळं पाणी मालावर ओतलं. जागेश्वरने गुंडाकडे पाहिलं.  कालवणाऱ्याला मध्येच थांबवायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे, आणि मी कालवत होतो.

मी पाचवं भरलं, सहावं भरलं, सातवं भरलं. पंचवीस मिनिटं लागली. मग गुंड घेऊन बोअरवर पळालो. परत आलो तेव्हा ज्याला पाणी द्यायचं तो राहिला नव्हता. त्याचे डोळे सातव्या भोकाकडे होते.

त्याची पत्नी गोदावरीबाई हिला मी सांगितलं की तो काम करता करता टेकला आणि एका मिनिटात गेला. तेव्हा त्यांची मुलगी रक्षा दोन वर्षांची होती. गावात कुठेही मयत झाली की गोदावरीबाई घरच्या बायांना धीर द्यायला जाते आणि माझ्यासमोर म्हणते, "माह्या मालकाले तरास नाही झाला. एका मिनिटात गेला. तेजराम भाऊजी जवळ होते." मी दरवेळी चपलांकडे बघत राहिलो.

कलम सहा. दबावाबद्दल. मी मिस्त्री आहे, जे हाताला लागलं तेवढंच लिहितो.

सहा भोकं त्याच आठवड्यात दगडासारखी झाली. सातवं भोक, छातीच्या उंचीवरचं, आजही ओलं आहे. मे महिन्यात, गावात हँडपंप कोरडे असताना, त्यात अंगठा दाबला तर पेरभर आत जातो. अंकुश म्हणतो, "बाबा, ओल आहे, पलीकडे मोरी असंल." पलीकडे मोरी नाही, पलीकडे बोरीचं झाड आहे आणि ते वाळलं आहे. अंकुश दहावीच्या वर्षी त्या खोलीत अभ्यासाला बसायचा. एका दुपारी पुस्तकं घेऊन बाहेर आला आणि पुन्हा गेला नाही. 

दोनदा मी ते भोक पूर्ण खोदून काढलं. भिंत चौदा इंची आहे. माझा हात कोपराच्या वर गेला तरी पलीकडचं प्लास्टर लागलं नाही. मी हात तसाच आत ठेवून मंदाबाईला बाहेर पाठवलं. ती भिंतीपलीकडून म्हणाली, "इकडं काहीच नाही जी." आत गार होतं. बोटांना माल लागला तो ताजा होता. मी नवा माल भरला, नदीची चांगली रेती, नवं सिमेंट. आठ दिवसांनी तिथे जुनाच माल होता. जुना माल मी ओळखतो, त्यात मोठ्या घमेल्याच्या गंजाचे तांबूस ठिपके आहेत.

दरवर्षी मे महिन्यात मी तो घोटून सारखा करतो. मी उजव्या हाताने घोटतो, त्यामुळे करणीचे फटकारे उजवीकडे चढायला हवेत. सकाळी जाऊन बघावं तर ते डावीकडे चढलेले असतात. आणि करणी. करणीची एकच धार झिजते, ज्या हाताचा माणूस असेल त्या बाजूची. जागेश्वरची दुसऱ्या बाजूने झिजायची, मी त्यावरून त्याला चिडवायचो. गेली पाच वर्षं माझी टोकदार करणी त्याच्या बाजूने झिजते आहे. हर्षाने ती घ्यायच्या आधी नीट पाहून घ्यावी, आणि नको वाटली तर घेऊ नये.

आवाजाचं शेवटी लिहितो. मेच्या सुरुवातीपासून मृग लागेपर्यंत, दुपारी तीनच्या सुमारास, भिंतीतून लोखंडी घमेल्यात करणी फिरल्याचा आवाज येतो. घाईने कालवल्याचा. पंचवीस मिनिटं येतो आणि थांबतो. तो जागेश्वरच्या कालवण्याचा नाही, तो सावकाश कालवायचा. तो माझ्या कालवण्याचा आवाज आहे. मंदाबाईने तो पहिल्याच वर्षी ओळखला आणि मला म्हणाली, "तुमी इथं बसले, मंग आत कोण कालवून राहिलं?" मी उठून अंगणात गेलो. तिने विचारणं सोडलं आणि धानाची कोठी त्या भिंतीपासून हलवली.

माझी समजूत अशी आहे. माल अजून जिता आहे म्हणजे ती पंचवीस मिनिटं अजून संपलेली नाहीत. आत जागेश्वर भिंतीला टेकून बसला आहे, मी कालवतो आहे आणि गुंड रिकामा होतो आहे. मी मेलो तर मला तिथेच जावं लागेल, हातात करणी घेऊन, असं मला वाटतं. मला भीती वाटते. अडुसष्टाव्या वर्षी लिहायला लाज कसली.

कलम सात. मागची खोली, पश्चिमेच्या भिंतीसह, गोदावरीबाई जागेश्वर शहारे हिला, आणि तिच्या पश्चात तिची मुलगी रक्षा हिला देतो. भिंत ठेवावी की पाडावी हे तिने ठरवावं. अंकुशने पुढचं घर पाडताना तिला विचारल्याशिवाय त्या खोलीला मशीन लावू नये. कलम पाच तिने मी मेल्यावर वाचावं, असं मी होऊ देणार नाही. आज दुपारी वाचनाला तिला बोलावलं आहे. मेल्यावर कबुली देणं म्हणजे पुन्हा एकदा गुंड रिकामा असताना पाणी आणायला पळणं आहे.

कलम आठ. माझं जे करायचं ते मुलांनी साध्या रीतीने करावं. माझ्या नावाचा ओटा बांधू नये. माझ्यासाठी कोणी माल कालवू नये.

येथे सकाळचं लिखाण संपलं. पुढचा मजकूर त्याच दिवशी वाचनानंतर, सगळ्यांच्या समोर, मीच लिहीत आहे.

वाचन मागच्या खोलीत झालं. शेजारचे मनिष गुरुजी साक्षीदार म्हणून आले. आनंदराव दुसरा साक्षीदार म्हणून यायचा होता, तो आला नाही. हर्षा आणि अंकुश हजर होते. गोदावरीबाई खुर्चीवर बसली होती, भिंतीकडे पाठ करून. कलम पाच मी स्वतः वाचलं, पुढचं मनिष गुरुजींनी वाचलं.

वाचून झाल्यावर गोदावरीबाईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "किती वेळ लागला म्हणालात, भाऊजी?"

"पंचवीस मिनिटं, वयनी."

"तेवढा वेळ तो जिता होता?"

"होता."

"मले त एक मिनिट सांगतलं."

"खोटं सांगतलं."

मी तिची माफी मागितली. हात जोडले, रडलो, तेही लिहितो. ती म्हणाली, "मले नोका मागू. ते माह्यापाशी नाही. सत्तावीस वर्षं मी लोकाइच्या घरी जाऊन सांगतलं, माह्या मालकाले तरास नाही झाला. आता मी त्यायले काय सांगू?" 

मग ती गुरुजींना म्हणाली, "खोली मले नोको. रक्षालेई नोको. खोली घेतली त लोकं म्हणतीन, घेऊन मिटवलं. दुसरा साक्षीदार कोण हाये?"

गुरुजी म्हणाले, "आनंदरावभाऊ येणार होते."

"मी करतो सही," गोदावरीबाई म्हणाली.

गुरुजींनी समजावलं की ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या कोणी बोट ठेवेल. ती म्हणाली, "म्हणूनच नोको म्हणून राहिलो ना जी. तवा पायणारं कोणी नोहतं. आता मी हावो."

म्हणून कलम सातमध्ये दुरुस्ती करतो. मागची खोली हर्षाच्या नावे. गोदावरीबाईला त्या खोलीत कधीही येण्याजाण्याची मोकळीक राहील आणि भिंतीबद्दल तिचाच शब्द शेवटचा. या दुरुस्तीला अंकुशने हरकत घेतली नाही. त्याने पुढच्या खोलीत जाऊन त्याचा नकाशा माझ्या उशीजवळून उचलला, खिशात घातला आणि परत आला.

तेवढ्यात तीन वाजले. आवाज सुरू झाला. या वेळी तो सगळ्यांनी ऐकला. मनिष गुरुजींनी कागद खाली ठेवला. अंकुश दाराबाहेर जाऊन उभा राहिला, पण गेला नाही. गोदावरीबाई उठली, भिंतीकडे वळली आणि सातव्या भोकावर तिने पंजा ठेवला. बोटं आत रुतली. तिने हात काढून पाहिला, सगळा राखी झाला होता. ती थोडा वेळ कान देऊन उभी होती.

"तहानेला हाये तो," ती म्हणाली.

हर्षाने पाहुण्यांसाठी प्यायच्या पाण्याचा गुंड आणून ठेवला होता. गोदावरीबाईने तो दोन्ही हातांनी उचलला, पासष्टीची बाई, कोणाला हात लावू दिला नाही, आणि भोकाशी धरून हळूहळू ओतला. जसं पडलेल्या माणसाच्या तोंडी लावतात तसं, थांबून थांबून. पाणी पडू लागलं आणि करणीचा आवाज मध्येच थांबला. सत्तावीस वर्षांत तो पंचवीस मिनिटांच्या आत कधी थांबला नव्हता. गुंड रिकामा झाला. भिंतीवरून एक ओघळ खाली आला नाही. मी वाकून जमिनीला हात लावून पाहिला, फरशी कोरडी होती. बाहेर जाऊन अंकुशने पाहिलं, तिकडेही कोरडं.

गोदावरीबाईने रिकामा गुंड पुढे केला.

"हर्षा, आणखी आण वं."

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला व वाचून दाखवला. तो खरा आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सह्या केल्या.

मृत्युपत्र करणार: तेजराम बकाराम सेलोकर (सही)

साक्षीदार एक: मनिष रामदास बुधे, शिक्षक, आंबागड (सही)

साक्षीदार दोन: गोदावरीबाई जागेश्वर शहारे, आंबागड (सही. अक्षरांवरचा ओला राखी डाग साक्षीदाराच्या हाताचा आहे, खाडाखोड नाही.)

ठिकाण: आंबागड, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा

दिनांक: १४ मे २०२४, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. सहावा गुंड चालू आहे. हर्षा आणि अंकुश आळीपाळीने आणत आहेत. ओघळ अजून नाही.